वाळवंटातील घुबड पाणी कुठे पिते?

घुबडाविषयी आपल्याकडे बोलले जाते ते बहुधा शकुन-अपशकुनाच्या अंगाने. ते कोणत्या झाडावर बसते, कोणाच्या घरावर घूत्कार करते, याची चर्चा होते. ते काय खाते, हा प्रश्न मात्र क्वचितच कुणाला पडतो. वस्तुतः घुबडाच्या साऱ्या जीवनक्रमाचा उलगडा त्याच्या आहारातूनच होतो आणि वाळवंटात तर तो फारच स्पष्टपणे होतो. जिथे महिनोन् महिने पाण्याचा थेंब दिसत नाही, तिथे घुबडाला भूक आणि तहान या दोहोंचे शमन एकाच शिकारीतून करावे लागते. त्याचे अन्न हेच त्याचे पाणी असते. म्हणूनच वाळवंटातील घुबडांचा आहार समजून घेणे म्हणजे त्या रखरखीत प्रदेशात पाण्याचा अंश कोणकोणत्या वाटांनी फिरतो, हे समजून घेणे होय.

या दृष्टीने सर्वाधिक अभ्यास झालेल्या प्रदेशांपैकी एक म्हणजे उत्तर अमेरिकेतील सोनोरा वाळवंट. अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्याचा दक्षिण भाग, कॅलिफोर्नियाचा आग्नेय कोपरा आणि मेक्सिकोतील सोनोरा व बाहा कॅलिफोर्निया या प्रांतांचा मोठा भाग त्यात येतो. त्याचे क्षेत्रफळ अडीच लाख चौरस किलोमीटरांहून अधिक आहे. उन्हाळ्यात येथील पारा ४५ अंश सेल्सिअसच्याही वर जातो. वाळवंटाच्या तुलनेने हिरव्या, पूर्वेकडील भागात वसलेल्या टुसॉन शहरात वर्षाकाठी सरासरी तीनशे मिलिमीटरहूनही कमी पाऊस पडतो. पश्चिमेकडील युमा शहरात तर शंभर मिलिमीटरसुद्धा नाही. आपला दुष्काळी माणदेशही या मानाने सुजलाम् म्हणावा लागेल.

तरीही हे वाळवंट ओसाड नाही. येथे पाऊस वर्षातून दोनदा येतो. हिवाळ्यात संथ, रिमझिम सरी येतात, तर जुलै ते सप्टेंबर या काळात विजांच्या कडकडाटासह वादळी पाऊस कोसळतो. या दुसऱ्या पावसाला तेथील लोक ‘मान्सून’ असेच म्हणतात. या दोन पावसांच्या आधारावर निवडुंग, काटेरी झुडुपे, कीटक, सरडे, उंदीर, ससे आणि त्यांच्यावर जगणाऱ्या घुबडांच्या अनेक जाती येथे नांदतात.

कोरड्या बीजापासून पाण्यापर्यंत

सोनोरातील घुबडांच्या आहाराची कथा सुरू होते ती एका उंदरापासून. लांब मागच्या पायांवर कांगारूसारख्या उड्या मारत फिरणाऱ्या या प्राण्याला ‘कांगारू उंदीर’ म्हणतात. नावात कांगारू असले तरी ऑस्ट्रेलियाशी त्याचे काहीही नाते नाही. सोनोरात आढळणारा मेरियमचा कांगारू उंदीर जेमतेम ४० ग्रॅम वजनाचा असतो. दिवसभर तो बिळात राहतो आणि रात्री बाहेर पडून गालांच्या बाहेरील केसाळ पिशव्यांत बिया भरून आणतो. या बिया अगदी कोरड्या असतात. असे असूनही हा प्राणी आयुष्यभर पाणी न पिता जगू शकतो.

हे कसे शक्य होते, याचा शोध शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्नूट श्मिट-नील्सन यांनी १९४० च्या दशकात घेतला. त्यासाठी अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात त्यांनी काम केले. अन्नाचे शरीरात ज्वलन होते तेव्हा त्यातील हायड्रोजनचा प्राणवायूशी संयोग होऊन पाणी तयार होते. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थापासून अर्ध्या ग्रॅमहून थोडे अधिक आणि एक ग्रॅम स्निग्ध पदार्थापासून एक ग्रॅमहून किंचित अधिक पाणी मिळते. असे पाणी प्रत्येक प्राण्याच्या शरीरात तयार होते. पण कांगारू उंदीर ते विलक्षण काटकसरीने वापरतो. त्याचे मूत्र माणसाच्या मूत्राच्या चौपटीहून अधिक संहत असू शकते. उच्छ्वासातील वाफेचे त्याच्या थंड नाकपुड्यांतच पाणी होऊन ते परत शोषले जाते. दिवसा बिळाचे तोंड बंद करून तो आतील हवा दमट राखतो आणि साठवलेल्या बिया त्या हवेतील ओलावा शोषून घेतात. कोरडे खाऊनही त्याच्या शरीरातील पाण्याचे प्रमाण सुमारे दोन-तृतीयांश इतके कायम राहते, असे या संशोधनात दिसून आले.

आता घुबडाच्या बाजूने हिशेब मांडला तर चित्र स्पष्ट होते. ४० ग्रॅम वजनाच्या एका कांगारू उंदरात सुमारे २५ मिलिलिटर, म्हणजे चहाचे पाच चमचे पाणी असते. हा उंदीर गिळणाऱ्या घुबडाला तेवढे पाणी तर मिळतेच. शिवाय त्याचे मांस आणि चरबी पचवताना आणखी पाणी तयार होते. पक्षी शरीरातील नत्रयुक्त मळ युरिक आम्लाच्या पांढऱ्या लगद्याच्या रूपात बाहेर टाकतात, त्यामुळे मूत्रावाटे जाणारे पाणीही वाचते. दिवसाच्या उष्म्यात घुबड कपारीत, ढोलीत किंवा दाट सावलीत निश्चल बसून राहते. फारच तापले तर चोच उघडी ठेवून गळ्याची त्वचा थरथरवते आणि बाष्पीभवनाने शरीर थंड करते. त्यात पाणी खर्च होते. म्हणून शक्य तितका काळ हालचाल टाळणे हीच त्याची रीत.

पाणवठा आढळला तर घुबडे पाणी पितात, अंघोळही करतात. परंतु पुरेशी शिकार मिळत असेल तर पाण्यावाचून त्यांचे अडत नाही. याचा दुसरा अर्थ असा, की शिकार मिळाली नाही तर वाळवंटातील घुबडावर एकाच वेळी दोन संकटे कोसळतात. जंगलातील उपाशी घुबड निदान ओढ्यावर जाऊन पाणी पिऊ शकते. वाळवंटातील उपाशी घुबड तहानलेलेही असते.

गुठळीत दडलेली नोंदवही

घुबडाने काय खाल्ले हे समजण्यासाठी त्याचे पोट तपासावे लागत नाही. घुबड लहान शिकार सबंधच गिळते. मांस पचते, परंतु केस, हाडे, पिसे, कीटकांची कठीण कवचे यांची जठरात घट्ट गुठळी बनते आणि काही तासांनी घुबड ती तोंडावाटे बाहेर टाकते. अभ्यासक तिला ‘पेलेट’ म्हणतात. ससाण्या-गरुडांच्या तुलनेत घुबडांचा जठररस कमी आम्लधर्मी असतो, त्यामुळे त्यांच्या पेलेटमध्ये हाडे बऱ्याच चांगल्या अवस्थेत सापडतात. कवटी आणि दातांवरून उंदीर कोणत्या जातीचा होता, जबड्यांच्या संख्येवरून किती उंदीर खाल्ले गेले, नांगीच्या किंवा आकड्यांच्या तुकड्यांवरून विंचू होता की नाही, हे सारे सांगता येते.

वाळवंटातील कोरड्या हवेत, विशेषतः गुहांच्या आडोशाला, हे अवशेष दीर्घकाळ टिकतात. अमेरिकेतील युटा राज्याच्या कोरड्या पश्चिम भागात होमस्टेड नावाची एक गुहा आहे. घुबडांनी टाकलेल्या पेलेटमधील हाडांचे तेथे हजारो वर्षांचे थर साचलेले आहेत. त्यांचा अभ्यास करून डोनाल्ड ग्रेसन यांनी हिमयुगाच्या अखेरीपासून त्या प्रदेशातील लहान सस्तन प्राणी कसे बदलत गेले, याचा आलेख मांडला. थंड व ओलसर हवामानात राहणारे प्राणी वरच्या थरांत कमी होत गेले आणि कोरड्या हवामानातील प्राणी वाढत गेले. घुबडांनी आपल्या जेवणाचा हिशेब ठेवला आणि तो हवामानबदलाचा पुरावा ठरला, असेच म्हणावे लागेल.

ताट एक, वाटेकरी अनेक

सोनोरात घुबडांच्या अनेक जाती एकाच परिसरात राहतात. अन्न तुटपुंजे असताना हे साधते कसे? याचे उत्तर तीन गोष्टींत आहे : शरीराचा आकार, शिकारीची वेळ आणि ऋतू.

आकाराने सर्वांत मोठे म्हणजे ग्रेट हॉर्न्ड आउल. महाराष्ट्रातील डोंगरकपारींत आढळणाऱ्या आपल्या शृंगी घुबडाचे हे जवळचे नातलग. साधारण एक ते दीड किलो वजनाच्या या घुबडाचे पंजे विलक्षण बळकट असतात. रानससे, मोठ्या जॅक सशांची पिल्ले, वृक्षमूषक आणि कांगारू उंदीर ही त्याची मुख्य शिकार. त्याखेरीज साप, पक्षी आणि विंचूही ते खाते. स्वतःहून लहान असलेल्या घुबडांनाही ते सोडत नाही. त्यामुळे लहान घुबडांनी कुठे आणि केव्हा शिकार करावी, हे ठरण्यात या थोरल्या नातलगाच्या धाकाचाही वाटा असतो.

गव्हाणी घुबड जगाच्या बहुतेक खंडांत आढळते, तसे ते या वाळवंटातही आढळते. कडेकपारी, ओस पडलेल्या खाणी आणि शेतांलगतच्या इमारती ही त्याची वसतिस्थाने. त्याचा आहार जवळजवळ संपूर्णपणे लहान कृंतक प्राण्यांचा, म्हणजे उंदीर व त्यांच्या भाईबंदांचा असतो. त्याच्या दोन कानांची छिद्रे वेगवेगळ्या उंचीवर असल्याने आवाज नेमका कुठून आला, हे त्याला अचूक कळते. संपूर्ण अंधारात केवळ आवाजाच्या आधारे ते उंदीर पकडू शकते, हे रॉजर पेन यांच्या प्रयोगांनी सिद्ध केले आहे.

मध्यम आकाराचे वेस्टर्न स्क्रीच आउल हे खऱ्या अर्थाने सर्वभक्षक शिकारी होय. कांगारू उंदीर व त्याहून लहान ‘पॉकेट माउस’ यांच्यापासून पतंग, रातकिडे, विंचू, गोमा यांच्यापर्यंत जे मिळेल ते त्याला चालते. उन्हाळ्यात कीटकांवर आणि थंडीत उंदरांवर भर देऊन ते वर्षभर एकाच ठिकाणी तग धरते.

फेरुजिनस पिग्मी आउल या सुमारे ७० ग्रॅम वजनाच्या घुबडाने वेगळीच वेळ निवडली आहे. ते दिवसा आणि संधिप्रकाशात शिकार करते. साहजिकच त्याच्या आहारात दिवसा हिंडणाऱ्या सरड्यांना आणि पक्ष्यांना मोठे स्थान आहे. स्वतःहून वजनदार पक्ष्यावरही झडप घालण्याचे धाडस ते करते.

‘बरोइंग आउल’, म्हणजे बीळवासी घुबड, उघड्या, सपाट भूमीवर राहते. पश्चिम अमेरिकेत ते सहसा स्वतः बीळ खोदत नाही. जमिनीवरील खारी, बिज्जूसारखे खोदणारे प्राणी यांनी सोडलेली बिळे ते वापरते. भुंगेरे, टोळ, रातकिडे आणि उंदीर हा त्याचा आहार. आपल्या बिळाच्या तोंडाशी ते इतर प्राण्यांची विष्ठा आणून पसरते. याचे कारण शोधण्यासाठी डग्लस लेव्ही व त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्लोरिडात याच जातीच्या घुबडांवर प्रयोग केला. तेथे वाळवंट नाही. पण पक्षी तोच. काही बिळांपुढील विष्ठा काढून टाकली आणि काहींपुढे ती ठेवली. विष्ठा असलेल्या बिळांतील घुबडांनी सुमारे दहापट अधिक शेणकिडे खाल्ले. ‘नेचर’ या नियतकालिकात २००४ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शिकार शोधत फिरण्याऐवजी तिलाच दारी बोलावण्याची ही युक्ती शक्तीची मोठी बचत करते.

विंचवाची नांगी मोडणारे घुबड

या सर्वांत चिमुकले असते ते एल्फ आउल. युरोपीय लोककथांतील ‘एल्फ’ या ठेंगण्या यक्षावरून त्याला हे नाव मिळाले. निसर्गशास्त्रज्ञ जेम्स कूपर यांनी १८६१ मध्ये त्याचे वर्णन प्रथम केले. साधारण १३ ते १४ सेंटिमीटर लांबीचे आणि ४० ग्रॅमच्या आसपास वजनाचे हे घुबड जगातील सर्वांत हलके घुबड मानले जाते. त्याचे वजन एका कांगारू उंदराएवढेच भरते. तेव्हा उंदराची शिकार त्याच्या आवाक्याबाहेरची. म्हणून त्याने संधिपाद प्राण्यांचा मार्ग धरला आहे. पतंग, रातकिडे, भुंगेरे, कोळी आणि विंचू हे त्याचे मुख्य अन्न. क्वचित एखादा लहान सरडाही त्यात असतो.

अ‍ॅरिझोनातील बार्क स्कॉर्पियन हा अमेरिकेतील सर्वाधिक विषारी विंचू समजला जातो. विंचू पकडल्यावर एल्फ घुबड आधी त्याची नांगी तोडते किंवा चिरडून टाकते आणि मगच तो पिल्लांना भरवते. विंचू आणि मोठे कीटक यांच्या शरीरातही पाण्याचे प्रमाण पुरेसे असते, त्यामुळे उंदीर न खाताही या घुबडाची तहान भागते. मात्र या आहाराची एक मर्यादा आहे. थंडीत कीटक दिसेनासे होतात, विंचू दगडाखाली दडून बसतात. तेव्हा एल्फ घुबडाला वाळवंट सोडावेच लागते. शरद ऋतूत ते दक्षिणेकडे, मेक्सिकोत स्थलांतर करते आणि मार्च-एप्रिलच्या सुमारास परतते.

परतल्यावर त्याला घर हवे असते आणि ते घर त्याला सग्वारो निवडुंग देतो. बारा मीटर व त्याहूनही उंच वाढणारा, दीडशे वर्षांहून अधिक जगणारा हा खांबासारखा निवडुंग म्हणजे सोनोराची ओळख. गिला सुतारपक्षी त्याच्या मांसल खोडात ढोली कोरतो. जखम भरताना निवडुंग ढोलीच्या आतून कठीण अस्तर तयार करतो आणि पाण्याचा पाझर थांबतो. सुतारपक्ष्याने सोडलेल्या अशा ढोलीत एल्फ घुबड अंडी घालते. बाहेर हवा तापलेली असताना खोडाच्या ओलसर गराने वेढलेली ही ढोली आत तुलनेने थंड राहते. मे-जूनमध्ये सग्वारो फुलतो, त्याच्या रात्री उमलणाऱ्या फुलांकडे कीटक येतात आणि पिल्ले घरट्याबाहेर पडण्याच्या सुमारास मान्सून सुरू होऊन कीटकांची रेलचेल होते. निवडुंग, सुतारपक्षी, पतंग आणि पाऊस यांचे वेळापत्रक जुळले तरच या घुबडाचा संसार जमतो.

शिकारीचे कान

घुबडे खातात म्हणून उंदीर स्वस्थ बसलेले नाहीत. कांगारू उंदराच्या कवटीचा मोठा भाग मध्यकर्णाच्या फुगीर पोकळ्यांनी व्यापलेला असतो. या पोकळ्यांमुळे त्याला कमी कंपनसंख्येचे, खर्जातील आवाज फार चांगले ऐकू येतात. घुबडाचे उड्डाण आपल्याला निःशब्द वाटत असले तरी झडप घालताना त्याच्या पंखांचा अगदी हलका, खर्जातला आवाज होतो. डग्लस वेब्स्टर यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की सुस्थितीतील कांगारू उंदीर ऐनवेळी उंच उडी मारून घुबडाच्या पंजातून निसटतात. मध्यकर्णाच्या पोकळ्या निकामी केलेल्या उंदरांना मात्र ते साधत नाही.

चांदण्याचाही या खेळात वाटा आहे. पौर्णिमेच्या आसपास उघड्यावर फिरणे धोक्याचे असल्याने कांगारू उंदीर बाहेरचा वावर कमी करतात किंवा झुडपांच्या आडोशाने बिया वेचतात. म्हणजे घुबडाने एकही उंदीर न पकडताही त्याच्या केवळ असण्याने उंदरांचे वागणे बदलते. कुठल्या जागेवरील बिया खाल्ल्या जातील आणि कुठल्या उरतील, हेही त्यामुळे ठरते.

ही बाब वरवर वाटते तितकी किरकोळ नाही. सोनोराच्या पूर्वेला, चिवावा वाळवंटाच्या हद्दीत, अ‍ॅरिझोनातील पोर्टल या गावाजवळ जेम्स ब्राउन यांनी १९७७ मध्ये एक दीर्घकालीन प्रयोग सुरू केला. काही कुंपणबंद भूखंडांतून कांगारू उंदरांना हटवण्यात आले. सुमारे बारा वर्षांनंतर त्या भूखंडांवरील उंच गवत जवळपास तिपटीने वाढले होते आणि झुडुपांच्या जागी गवताळ भूमी आकाराला येत होती. ब्राउन आणि एडवर्ड हेस्की यांचा हा निष्कर्ष १९९० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मूठभर आकाराचा बिया खाणारा उंदीर भूमीचे रूप ठरवत असेल, तर त्या उंदराला वेसण घालणारे घुबडही त्या रूपाच्या घडणीत सहभागी आहे, असे मानायला हरकत नाही.

हिशेब बिघडतो तेव्हा

इतक्या काटेकोरपणे बसवलेला हा हिशेब गेल्या काही दशकांत विस्कटू लागला आहे. त्यातील एक कारण मराठी वाचकाला चकित करील असे आहे. सोनोराचा एक मोठा शत्रू म्हणजे तेथे ‘बफेल ग्रास’ या नावाने ओळखले जाणारे गवत. शास्त्रीय भाषेत सेंक्रस सिलिअरिस म्हटले जाणारे हे गवत आपल्याकडे अंजन गवत म्हणून परिचित आहे. भारतासह आशिया व आफ्रिकेच्या कोरड्या प्रदेशांतील हे मूळचे गवत. आपल्याकडे ते उत्तम चारा म्हणून मुद्दाम लावले जाते. अमेरिकेतही विसाव्या शतकात ते गुरांच्या चाऱ्यासाठी आणि जमिनीची धूप थांबवण्यासाठी नेण्यात आले. तेथे ते मोकाट पसरले. सोनोरात झुडुपांमध्ये मोकळी जमीन असे, त्यामुळे लागलेली आग फार पसरत नसे. या गवताने ती मोकळी जागा भरून काढली आणि वणव्यांना वाट करून दिली. सग्वारोला आगीशी सामना करण्याची सवय नाही. होरपळलेला निवडुंग कधी काही वर्षांनी मरतो आणि त्याची जागा घेणाऱ्या रोपाला ढोली कोरण्याजोगे होण्यास अनेक दशके लागतात.

टुसॉनजवळील सांता कॅटॅलिना पर्वतात जून २०२० मध्ये वीज पडून लागलेल्या ‘बिगहॉर्न’ वणव्यात सुमारे ४८ हजार हेक्टर क्षेत्र भस्मसात झाले. पायथ्याकडील सग्वारोंनाही त्याची झळ बसली. २०२३ च्या उन्हाळ्यात फिनिक्स शहरात सलग ३१ दिवस तापमान ४३ अंश सेल्सिअसच्या वर राहिले आणि उभे सग्वारो कोसळल्याच्या घटना नोंदल्या गेल्या. रात्रीही हवा न निवल्याने या वनस्पतींना सावरण्याची उसंत मिळत नाही, असे वनस्पतिशास्त्रज्ञांचे म्हणणे आहे. निवडुंग पडला की ढोली जाते, ढोली गेली की तेथील विंचू-पतंगांवर जगणारे घुबडही जाते. कोलोरॅडो नदीकाठची वृक्षराजी नष्ट झाल्याने कॅलिफोर्नियातून एल्फ घुबड जवळपास नाहीसे झाले. त्या राज्याने १९८० मध्येच त्याला संकटग्रस्त घोषित केले होते.

सरडे खाणाऱ्या पिग्मी घुबडाची कथा कायद्याच्या अंगाने अधिक गुंतागुंतीची आहे. अ‍ॅरिझोनातील त्याची संख्या घटल्याने अमेरिकी सरकारने १९९७ मध्ये त्याला संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत घातले. बांधकाम व्यावसायिकांनी न्यायालयात धाव घेतली आणि २००६ मध्ये ते यादीतून काढले गेले. त्यानंतर दीर्घ पाठपुरावा झाला आणि २०२३ मध्ये त्याला पुन्हा ‘धोक्यात असलेली जाती’ म्हणून संरक्षण मिळाले. मधल्या काळात शहरे वाढतच होती.

शहरांच्या सीमेवर आणखी एक धोका असतो, तो विषाचा. रक्त गोठण्याची क्रिया थांबवणारी उंदीरनाशके खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस तो सुस्तपणे वावरतो आणि नेमका अशा वेळीच घुबडाच्या तावडीत सहज सापडतो. उंदरातील विष घुबडाच्या यकृतात साठत जाते. ज्या शिकारीतून पाणी मिळायचे तिच्यातूनच विष मिळू लागते. या गटातील तीव्र उंदीरनाशकांच्या घरगुती ग्राहकांना होणाऱ्या विक्रीवर निर्बंध आणण्याचा निर्णय अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००८ मध्ये घेतला. कॅलिफोर्नियाने २०२० मध्ये कायदा करून त्यांच्या वापरावर अधिक कडक मर्यादा घातल्या.

आपल्यासाठी बोध

सोनोरातील या पक्ष्यांचे भाईबंद महाराष्ट्रातही आहेत. बीळवासी घुबड आणि आपल्या गावोगावी दिसणारा पिंगळा हे ‘अथीनी’ या एकाच शास्त्रीय गटातील. सुमारे ११३ वर्षे नामशेष समजला गेलेला आणि १९९७ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील शहाद्याजवळ पुन्हा सापडलेला वनपिंगळाही आता याच गटात धरला जातो. दख्खनच्या कोरड्या माळरानांवरील शृंगी घुबडाच्या आहाराचा अभ्यास सतीश पांडे आणि नीलेश डहाणूकर यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच्या आहारात मोठा वाटा उंदीर-घुशींचा आणि त्यातही शेतीची नासाडी करणाऱ्या जातींचा असल्याचे त्यातून पुढे आले. आपल्या शेतांत आणि गोदामांतही रक्त गोठू न देणारी उंदीरनाशके वापरली जातात. तेव्हा अ‍ॅरिझोनात जी साखळी तुटते आहे, तिचीच एक कडी येथेही आहे.

वाळवंटातील घुबडाला पाणी कुठून मिळते, या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधताना बीज, उंदीर, विंचू, निवडुंग, सुतारपक्षी आणि पाऊस एवढ्यांची नावे घ्यावी लागतात. घुबड स्वतः यांपैकी काहीच निर्माण करीत नाही. ते केवळ साऱ्यांच्या शेवटी उभे असते. म्हणूनच मधली कुठलीही कडी निखळली तरी त्याची पहिली झळ त्याला लागते. एखाद्या उजाड माळावर किंवा कोरड्या डोंगरात घुबडाचा घूत्कार ऐकू येत असेल, तर तेथे उंदीर आहेत, कीटक आहेत, राहण्यासारख्या ढोली-कपारी आहेत आणि त्या साऱ्यांना पुरेल इतका ओलावा अजून शिल्लक आहे, असा त्याचा अर्थ होतो. जो आवाज पिढ्यान् पिढ्या अशुभ मानला गेला, तो वस्तुतः त्या भूमीत जीव असल्याची ग्वाही देत असतो. काळजी करायची ती हा आवाज थांबल्यावर.